लाटेचा आवाज, कागदाचा शंकू : सर्फ गिटारसाठी स्पीकर निवडताना

१/ #धागा
सर्फ संगीताचा इतिहास सांगणारे बहुतेक जण तो आवाजाच्या मोठेपणाचा इतिहास म्हणून सांगतात. कॅलिफोर्नियातला एक दांडगा डावखुरा गिटारवादक, त्याने जाळलेले ॲम्प्लिफायर, फाडलेले स्पीकर, आणि मग लिओ फेंडरने त्याच्यासाठी घडवलेले अधिक ताकदीचे यंत्र. गोष्ट रंगतदार आहे, बरीचशी खरीही आहे. मात्र तिने चुकीच्या वस्तूला नायक केले, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या गैरसमजाची किंमत नवे वादक आजही रोख मोजतात : वॅट विकत घेतात आणि स्पीकरकडे दुर्लक्ष करतात. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ प्रथम काळाची चौकट. १९६० ते १९६४ या चार-पाच वर्षांत दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर वाद्यप्रधान गिटारसंगीताची एक लाट उठली. १९६१ मध्ये डिक डेलचे ‘लेट्स गो ट्रिपिन’ आणि बेल-एअर्सचे ‘मिस्टर मोटो’, १९६२ मध्ये डेलचे ‘मिसरलू’, १९६३ मध्ये शँटेजचे ‘पाइपलाइन’ आणि सर्फारिसचे ‘वाइप आउट’ गाजले. वाजवणारे बरेचसे शाळकरी वयाचे होते. १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत उतरले आणि लाट ओसरली. १९९४ च्या ‘पल्प फिक्शन’ने ‘मिसरलू’ पुन्हा कानांवर आणले. आज सर्फ वाजवणारे पुष्कळ जण त्या चित्रपटाच्या वाटेने आलेले आहेत.

३/ डिक डेलचे मूळ नाव रिचर्ड मन्सूर. जन्म १९३७, बॉस्टन; वडील लेबनीज वंशाचे. कुटुंब पुढे कॅलिफोर्नियात आले. न्यूपोर्ट बीचजवळच्या बाल्बोआ येथे रॉन्देव्हू बॉलरूम नावाचे एक विशाल नृत्यगृह होते. एके काळी तिथे मोठमोठी जॅझ वाद्यवृंदे वाजत. १९६१ च्या सुमारास डेलने तिथे कार्यक्रम सुरू केले आणि हजारोंनी तरुण जमू लागले. १९६६ मध्ये ही वास्तू आगीत नष्ट झाली.

४/ इथे एक तपशील महत्त्वाचा. आज गिटारची सर्वांत बारीक तार सहसा इंचाच्या ९ किंवा १० हजारांश जाडीची असते. डेलची ती तार १६ हजारांश, आणि सर्वांत जाड तार तब्बल ६०. शिवाय तो उजव्या हाताच्या वादकासाठी तारा जशा लावतात तशाच ठेवून गिटार उलटी धरी, म्हणजे जाड तार खाली येई. त्या जाड तारेवर तो नखीचे वर-खाली आघात अतिवेगाने करी. हजारो देहांनी भरलेल्या सभागृहात हा खर्ज पोचवायचा होता. देह आवाज शोषतात. रिकाम्या आणि भरलेल्या सभागृहातला फरक कोणत्याही नाट्यगृहाच्या ध्वनिसंयोजकाला विचारावा.

५/ डेलच्याच सांगण्यानुसार फेंडर आणि त्यांचे सहकारी फ्रेडी टव्हॅरेस एके रात्री बॉलरूममध्ये गर्दीच्या मधोमध येऊन उभे राहिले, तेव्हा कुठे त्यांना अडचण उमगली. (टव्हॅरेस हवाईतल्या माउई बेटाचे आणि स्वतः उत्तम स्टील गिटारवादक. लाटांवर आरूढ होण्याचा खेळही हवाईचाच. सर्फ आवाजाच्या कारखान्यात हवाईचा माणूस बसलेला होता, हे क्वचितच कोणी सांगते. फेंडर यांना मात्र गिटार वाजवता येत नव्हती. ते मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे.) या खटपटीतून ‘शोमन’ हा ८५ वॅटचा ॲम्प्लिफायर आला, आणि पुढे पंधरा इंची दोन स्पीकर असलेला ‘ड्युअल शोमन’.

६/ प्रचलित गोष्ट इथे ‘८५ वॅट!’ असे म्हणून टाळ्या घेते आणि थांबते. माझ्या मते खरी गोष्ट इथून पुढे आहे. ॲम्प्लिफायर कितीही वॅट देवो, कानापर्यंत हवा हलवत नेतो तो स्पीकर. आणि जळत होते ते प्रामुख्याने स्पीकर.

७/ स्पीकरची रचना साधी आहे. लोहचुंबकाच्या फटीत तारेचे एक वेटोळे, म्हणजे व्हॉइस कॉइल, टांगलेले असते. विद्युतप्रवाह बदलला की वेटोळे पुढेमागे होते आणि त्याला चिकटवलेला कागदी शंकू हवा ढकलतो. शंकू अखंड, एकसंध हलला तर आवाज स्वच्छ. आघात सहनशक्तीपलीकडे गेला की शंकूचा मधला भाग एक सांगतो आणि कडा दुसरेच सांगते. आवाजाला किनार फुटते. वादक याला ‘ब्रेकअप’ म्हणतात. फुटलेला आवाज वाईटच असतो असे नाही. तानपुऱ्याची जवारी खुली केली की स्वराला झंकाराची झालर येते, ती आपल्याला प्रिय आहेच. ब्लूजच्या गिटारला अशीच झालर शोभते.

८/ १९५० च्या दशकातले फेंडर ॲम्प्लिफायर मुख्यतः जेन्सन कंपनीच्या स्पीकरवर चालत. एक-दीड इंचाचे व्हॉइस कॉइल, पातळ आणि वळ्या असलेला कागद. थोडा रेटा दिला की ते गोडसर फुटतात. म्हणूनच जुन्या जेन्सनवर ब्लूजवाल्यांचा जीव. तेवढ्याशा वेटोळ्यात साठणारी उष्णता बाहेर टाकायला मात्र वाव नाही. डेलच्या जाड तारा, त्याचा वेग, आणि रात्रभर तेच.

९/ आता दंतकथा आणि नोंद यांतला फरक. डेल आयुष्यभर सांगत राहिला की जेबीएल कंपनीकडे जाऊन आपण पंधरा इंची स्पीकर मागितला, तेव्हा तिथल्या लोकांना हसू आले. प्रसंग घडलाही असेल. पण जेबीएलचा पंधरा इंची ‘डी१३०’ हा स्पीकर डेलच्या कितीतरी आधी, १९४० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलेला होता. फेंडरसाठी त्याचीच सुधारलेली आवृत्ती निघाली, ती ‘डी१३०एफ’. शेवटचा ‘एफ’ फेंडरचा. गिटारचे आघात आणि उष्णता सोसता यावी म्हणून वेटोळ्याभोवतीची फट किंचित वाढवण्यात आली. म्हणजे सर्फसाठी स्पीकरचा शोध लागला नाही, दुसऱ्याच कामासाठी झालेला शोध सर्फच्या हाती आला.

१०/ ते दुसरे काम कोणते? घरात बसून सिंफनी ऐकणाऱ्या रसिकांसाठी ध्वनिमुद्रण जसेच्या तसे ऐकवणे. डी१३० घडवणारे जेम्स बी. लान्सिंग यांचा जन्म १९०२ चा. चित्रपटगृहांच्या ध्वनियंत्रणांत त्यांनी नाव कमावले, १९४६ मध्ये स्वतःची कंपनी काढली. ती आर्थिक ओढाताणीत सापडली, आणि १९४९ मध्ये वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांनी जीवनयात्रा संपवली. त्यांच्या नावाची आद्याक्षरे आज जगभर ज्या खोक्यांवर झळकतात, त्यांतले एकही इलेक्ट्रिक गिटारच्या कोलाहलासाठी असेल असे त्यांना स्वप्नातही वाटले नसेल.

११/ डी१३० मध्ये असे काय होते? व्हॉइस कॉइल चार इंचांचे. गोल तारेऐवजी अॅल्युमिनियमची चपटी पट्टी उभ्या कडेवर गुंडाळलेली, त्यामुळे चुंबकाच्या फटीतली जागा वाया जात नाही. अल्निको जातीचे शक्तिशाली चुंबक. उथळ, ताठ शंकू. आणि मधोमध चकाकणारी अॅल्युमिनियमची घुमटी, जी थेट वेटोळ्याला जोडलेली असल्याने तीव्र स्वर झटक्यात बाहेर फेकते. ‘पंधरा इंची म्हणजे गुबगुबीत, दबका आवाज’ हा समज याच घुमटीपुढे फोल ठरतो. डी१३० चा खर्ज भरदार आणि माथा काचेसारखा लख्ख.

१२/ याहून मोलाची गोष्ट म्हणजे संवेदनक्षमता : तेवढ्याच विजेत किती आवाज निघतो. हिशेब साधा आहे. एक स्पीकर १ वॅटला ९७ डेसिबल देत असेल आणि दुसरा १००, तर दुसरा लावणे म्हणजे ॲम्प्लिफायरचे वॅट दुप्पट करण्यासारखे आहे. २० वॅटचे यंत्र ४० वॅटसारखे वागते, तेही स्वतः न धापता. शोमनची कीर्ती गाणाऱ्यांनी यातला अर्धा वाटा तरी या कागदी शंकूला द्यावा.

१३/ सर्फला हा स्वच्छपणा इतका का लागतो? आपल्याकडे दाणेदार तानेची अपेक्षा असते ना, प्रत्येक स्वर सुटा, टपोरा, मोत्यासारखा? डेलची द्रुत नखी नेमके तेच मागते. ‘मिसरलू’ पूर्व भूमध्य प्रदेशातली लोकधून. नावाचा अर्थ ‘इजिप्तची स्त्री’ असा. तिची स्वरावली कोमल ऋषभ, कोमल धैवत, बाकी शुद्ध : आपल्या भैरव थाटाचीच. (स्वर भैरवाचे, वेळ मात्र मध्यरात्रीच्या नृत्यगृहाची. रागसमयाच्या कट्टर पुरस्कर्त्यांनी क्षमा करावी.) एकाच तारेवर या स्वरांची सरबत्ती होते तेव्हा षड्ज आणि कोमल ऋषभ यांतला अर्ध्या स्वराचा फरक, आणि लागोपाठच्या दोन आघातांमधली फट, दोन्ही ऐकू यायला हवीत. फुटणारा स्पीकर ही फट बुजवतो. तान विरघळून गुणगुण उरते.

१४/ दुसरे कारण रिव्हर्ब. १९६१ मध्ये फेंडरने स्प्रिंगचा स्वतंत्र रिव्हर्बपेटारा आणला. आतली स्प्रिंगांची पेटी हॅमंड ऑर्गनवाल्यांची. तो गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये जोडायचा. नखीचा आघात स्प्रिंगला बसतो, वेगवेगळी कंपने तिच्यातून वेगवेगळ्या वेगाने पलीकडे पोचतात, आणि ओल्या गुहेत थेंब ठिबकावा तसा तो प्रसिद्ध ध्वनी उमटतो. लक्षात घ्यावे : रिव्हर्ब आधी, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर नंतर. म्हणून स्पीकर फुटला तर मूळ स्वर आणि त्याचे पडसाद एकत्र भरडले जातात. थेंब राहत नाही, चिखल होतो.

१५/ आणि एक विस्मृतीत गेलेली बाब. ‘लेट्स गो ट्रिपिन’मध्ये रिव्हर्ब नाहीच. आज ‘सर्फ म्हणजे भरपूर रिव्हर्ब’ हे समीकरण रूढ झाले असले तरी ते मागाहून जुळले. आधी आला तो कोरडा, ताठ, ठसठशीत आघात. ओलावा नंतरचा.

१६/ इथे माझ्याच मताविरुद्धचा सर्वांत सबळ मुद्दा मांडायला हवा. जेबीएलचे स्पीकर महाग होते. बहुतेक फेंडर यंत्रांवर ते जास्तीचे पैसे मोजूनच मिळत. कारखान्यातून येणाऱ्या यंत्रांत जेन्सन किंवा ऑक्सफर्डचे साधे स्पीकर असत. ‘पाइपलाइन’ आणि ‘वाइप आउट’ ही दोन्ही गाणी कुकामोंगा गावातल्या पॉल बफ यांच्या ‘पाल’ या छोट्या स्टुडिओत मुद्रित झाली, आणि अमेरिकन यादीत अनुक्रमे चौथ्या आणि दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचली. मग सर्फचा अस्सल आवाज डेलच्या पंधरा इंची जेबीएलचा, की गल्लीबोळांतल्या पोरांच्या साध्या बारा इंचींचा?

१७/ माझे उत्तर : दोन्ही, आणि दोहोंमागचे तत्त्व एकच. ‘पाइपलाइन’ ऐका. त्यात कोणी हजारोंच्या गर्दीशी झुंजत नाही. छोट्या खोलीत, मायक्रोफोनसमोर, बेताच्या आवाजात वाजवले की साधा स्पीकरही स्वच्छ राहतो. डेलला तोच स्वच्छपणा बॉलरूमच्या पातळीवर हवा होता, म्हणून त्याला जेबीएल लागला. तुम्ही जितक्या जोराने वाजवणार, त्याहून स्पीकरची सहनशक्ती बरीच वर असली पाहिजे. मधल्या या शिल्लक जागेला वादक ‘हेडरूम’ म्हणतात. सर्फचा आवाज या शिल्लकीत राहतो. ब्लूज आणि रॉक ती शिल्लक उधळून उभे राहतात.

१८/ म्हणूनच ‘कोणताही विंटेज स्पीकर लावा, काम होईल’ या सल्ल्याला माझा विरोध आहे. विंटेज म्हणून आज जे विकले जाते त्यात बहुधा लवकर फुटण्याचाच गुण वाखाणलेला असतो. ब्रिटिश घराण्याची गोष्ट आणखी निराळी. शॅडोज मंडळींनी १९६० मध्ये ‘अपाची’ गाजवले. त्या घराण्याची खूण म्हणजे व्हॉक्सचे एसी३० यंत्र आणि त्यातले सेलेशनचे निळे स्पीकर, प्रत्येकी अवघ्या १५ वॅटचे. त्यांचा मध्यसप्तक गाता, घंटेसारखा. मला तो अतिशय आवडतो. पण त्यावर रिव्हर्ब ओतून जाड तारांचा मारा केला की तो कावराबावरा होतो. शॅडोज वाजवायचे असतील तर तोच घ्यावा, डेलसाठी नको.

१९/ मुंबईच्या चित्रपटसंगीतातही या काळाचे पडसाद आहेत. १९६५ च्या ‘गुमनाम’मधले शंकर-जयकिशन यांचे ‘जान पहचान हो’ आठवावे. त्यातल्या गिटारची टणत्कारी धाव ऐकून परदेशी श्रोते त्याला सर्फ म्हणतात. मी म्हणणार नाही. ते गाणे रॉक अँड रोलच्या मोठ्या घरातले आहे. कोरडी, ताठ गिटार किती बोलकी असते याचा धडा मात्र त्यातही मिळतो.

२०/ आता निवडीकडे. जुना डी१३०एफ किंवा त्याचा बारा इंची भाऊ डी१२०एफ सापडला तर घ्यावा का? माझ्या मते, ऐकल्याशिवाय मुळीच नाही. साठ वर्षांत शंकू फाटतात, बदलले जातात. चौकट आणि चुंबक १९६३ चे, कागद आणि वेटोळे परवाचे, असा ऐवज जुन्याच्या भावाने विकला जातो. सत्तरच्या दशकातले के१२० आणि के१३०, आणि त्यानंतरचे ई१२० आणि ई१३० हे त्याच कुळातले असून त्यांच्यामागे दंतकथा कमी असल्याने व्यवहार अधिक समंजस होतो.

२१/ ‘पण ई मालिकेत अल्निको नाही, फेराइट आहे’, असा आक्षेप येतो. त्याचे कारण आवाजाहून राजकारणात अधिक आहे. अल्निको म्हणजे अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट. १९७८ मध्ये झाइरच्या शाबा प्रांतात, आजच्या काँगोच्या खाणपट्ट्यात, युद्ध भडकले, कोबाल्टच्या किमती कडाडल्या आणि स्पीकर उद्योग फेराइटकडे वळला. आफ्रिकेतल्या त्या संघर्षाची खूण अशी गिटारच्या खोक्यात सापडते. चुंबकाच्या जातीवरून आज जे वितंडवाद होतात त्यांत मला फारसे तथ्य वाटत नाही. वेटोळ्याचा व्यास, शंकूचा ताठपणा आणि मधली घुमटी यांचा परिणाम कानाला कितीतरी आधी कळतो.

२२/ नवे घ्यायचे तर वेबर कंपनीचा ‘कॅलिफोर्निया’ हा उघडपणे डी१२०एफ समोर ठेवून बनवलेला आहे, नावही बोलके. इलेक्ट्रो-व्हॉइसचा ईव्हीएम१२एल जड, जवळजवळ अभेद्य आणि स्वच्छ. त्याचा माथा मला जेबीएलइतका चमकदार वाटत नाही, पण आघात खणखणीत. बजेट तोकडे असेल तर नाव विसरून तीन गोष्टी पाहाव्यात : ॲम्प्लिफायरच्या किमान दुप्पट वॅट सोसण्याची क्षमता, मोठे व्हॉइस कॉइल, आणि १०० डेसिबलच्या आसपासची संवेदनक्षमता. आणि ओहमचा मेळ जुळतो की नाही हे पाहिल्याशिवाय व्हॉल्व्हच्या यंत्राला काहीही जोडू नये. स्पीकर न जोडता ते चालू करून वाजवणे तर त्याहून घातक.

२३/ बारा इंची की पंधरा? पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने बारा इंचीच घ्यावा. पंधरा इंचीचे वैभव खोके मोठे असेल आणि हवा हलायला जागा असेल तेव्हा खुलते. शेजाऱ्यांचा विचार करून कोणी म्हणेल, ‘मला तर हळूच वाजवायचे आहे, मग संवेदनक्षम स्पीकर कशाला?’ हळू वाजवणाऱ्याला कोणताही स्वच्छ स्पीकर चालेल हे खरे. पण उद्या छोट्या सभागृहात ढोलकवादकाशेजारी, म्हणजे ड्रमसेटशेजारी, उभे राहावे लागले तर तेच २० वॅटचे हलके यंत्र या स्पीकरवर तरून जाईल, आणि ८५ वॅटचे धूड जिन्यावरून वाहून न्यावे लागणार नाही.

२४/ दुकानात वा कोणाच्या घरी स्पीकर पारखताना मी सुचवेन ती कसोटी अशी. रिव्हर्ब आधी पूर्ण बंद. जाड तारेवर, पुलाजवळ तळहात टेकवून, ‘मिसरलू’ची पहिली ओळ आपल्याला जमेल तितक्या वेगाने वाजवावी आणि प्रत्येक आघात सुटा ऐकू येतो का ते पाहावे. मग आवाज अर्ध्यापर्यंत वाढवून तेच. त्यानंतर रिव्हर्ब उघडावा आणि एकच दबलेला ठोका मारून थांबावे. ठोका आधी, थेंब नंतर, आणि दोघांच्या मध्ये क्षणभर शांतता ऐकू आली, तर किमतीची बोलणी सुरू करायला हरकत नाही.